गळ्याची गाठ आणि मिठाची चिमूट



शरीरातल्या ग्रंथी आणि त्यांचे स्राव, हा आजच्या भाषणाचा विषय. नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल, हे डॉक्टरांचे काम, आपण त्यात कशाला पडा? परंतु या विषयाचे एक टोक दवाखान्यात असले, तरी दुसरे टोक आपल्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या मिठाच्या बरणीत आहे. ती दोन टोके एकमेकांना कशी सापडली, त्याला किती वर्षे लागली आणि तेवढ्या काळात आयाबायांनी काय सोसले, याचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे.

आपल्याकडे ठुशी नावाचा दागिना आहे. गळ्याला बिलगून बसणारा. ठुशी जिथे टेकते, साधारण तिथेच, कातडीच्या आत, श्वासनलिकेला मिठी मारून एक लहानशी ग्रंथी बसलेली असते. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा तिचा आकार, आणि वजन दोन तोळ्यांच्या आतबाहेर. इंग्रजीत तिला थायरॉइड म्हणतात, मराठीत अवटू ग्रंथी. या ग्रंथीतून एक रस पाझरतो. तो बाहेर कुठे दिसत नाही, सरळ रक्तात मिसळतो आणि रक्ताबरोबर शरीरभर हिंडतो. अशा रसांना १९०५ साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने हार्मोन हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतवणारा. आपल्याकडे त्याला संप्रेरक असा शब्द रूढ झाला आहे.

अवटू ग्रंथीचा रस शरीराची शेगडी किती मोठी ठेवायची ते ठरवतो. रस बेताचा असला की अन्न अंगी लागते, अंगात ऊब राहते, मन हुशार राहते. रस कमी पडला की शेगडी मंदावते. मग बाई थकते. रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलत नाही. थंडी सोसत नाही. वजन वाढते, तोंड सुजल्यासारखे दिसते, केस गळतात, कातडी कोरडी पडते, पोट साफ होत नाही. पाळी अनियमित होते, अंगावरून जास्त जाऊ लागते. कधी दिवस राहत नाहीत, कधी राहिलेले टिकत नाहीत. मन उदास होते, विसरायला होते.

‘बाई’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. अवटूचे विकार पुरुषांनाही होतात; पण स्त्रियांना ते कितीतरी अधिक, पाचपट ते आठपट होतात असे वैद्यकशास्त्र सांगते. आणि नेमकी हीच लक्षणे अशी आहेत की ती पाहून कोणी ‘आजारी आहे’ म्हणत नाही. सून उशिरा उठली तर ती आळशी. वजन वाढले तर बसून खाते. विसरली तर लक्ष नाही. मूल राहिले नाही तर तिचे नशीब. आजार होता ग्रंथीचा. दोष लागत आला स्वभावाला. आजच्या भाषणात लक्षात ठेवावे असे एवढेच एक सूत्र आहे, बाकीचे सारे त्याच्याभोवती गुंफायचे आहे.

आता थोडे मागे जाऊ.

गळ्यावर गाठ येते ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वर्णन आहे, त्याचे वातज, कफज आणि मेदोज असे प्रकारही सांगितले आहेत. डोळ्यांना दिसणारा रोग त्यांनी बारकाईने पाहिला. परंतु ग्रंथी आत काय काम करते हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ते कळायला एकोणिसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला.

१८७३ साली लंडनमध्ये सर विल्यम गल या डॉक्टरांनी एका नव्याच आजाराची हकिगत वैद्यांच्या सभेपुढे मांडली. त्यांच्यापुढे आलेल्या रोगी होत्या प्रौढ वयाच्या स्त्रिया. आधी चांगल्या चपळ असलेल्या या बायका हळूहळू जड झाल्या होत्या, चेहरा फुगला होता, बोलणे जाड झाले होते, हालचाल मंद झाली होती. यानंतर डॉक्टरांची एक समिती बसली आणि तिने १८८८ मध्ये अहवाल दिला. तिने गोळा केलेल्या रोग्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. समितीने निष्कर्ष काढला की मूळ गळ्यातल्या ग्रंथीत आहे, ती निकामी झाली म्हणजे हे सारे घडते. विचार करा, तोपर्यंत अशा किती बायकांना घरोघर काय काय ऐकून घ्यावे लागले असेल!

कारण कळले, पण उपाय? तो १८९१ साली सापडला. न्यूकॅसल गावातल्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराने मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क काढून ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. काही आठवड्यांत तिच्या चेहऱ्यावरची सूज उतरली, ती चालू-बोलू लागली. पुढे तो अर्क तोंडाने घेता येऊ लागला. ही बाई त्यानंतर २८ वर्षे जगली आणि ७४ व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! आज तेच काम सकाळी घ्यायची एक इवलीशी गोळी करते.

म्हणजे ग्रंथी बिघडली तर काय करायचे ते समजले. परंतु ग्रंथी बिघडूच नये म्हणून काय करावे? ती गोष्ट निराळ्याच वाटेने चालत आली.

१८११ साली फ्रान्समध्ये नेपोलियनच्या तोफांना दारू हवी होती. तिच्यासाठी सोरा लागे, आणि बर्नार कूर्त्वा नावाचा एक कारखानदार त्या कामी समुद्रशेवाळाची राख वापरीत असे. एके दिवशी त्या राखेच्या द्रवात तीव्र आम्ल अंमळ जास्त पडले आणि भांड्यातून जांभळ्या वाफा निघाल्या. त्या थंड होऊन काळसर चकचकीत खडे जमले. हेच आयोडिन. पुढे नऊ वर्षांनी, १८२० मध्ये, जिनीव्हाच्या क्वांदे नावाच्या डॉक्टरांनी गलगंडावर आयोडिन देऊन पाहिले. गाठी लहान झाल्या. लोकांची झुंबड उडाली, ज्याने त्याने आयोडिन प्यायला सुरुवात केली, आणि अतिरेकामुळे अनेकांना त्रास झाला. झाले! औषध बदनाम झाले आणि पुष्कळ वर्षे मागे पडले. थोडे हवे तिथे पुष्कळ घेतले की अमृताचेही विष होते, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही.

१८९५-९६ च्या सुमारास जर्मनीत बाउमान या रसायनशास्त्रज्ञाला अवटू ग्रंथीतच आयोडिन सापडले आणि कोडे सुटले. ग्रंथी आपला रस आयोडिनापासून तयार करते. आयोडिन शरीरात तयार होत नाही. ते अन्नपाण्यातून यावे लागते. आले नाही तर ग्रंथी बिचारी आहे तेवढ्यातून रस काढण्यासाठी धडपडते, धडपडत फुगते. गळ्यावर दिसणारी गाठ म्हणजे ग्रंथीचा तो आटापिटा होय.

हे खरे की खोटे, याची परीक्षा झाली ती शाळेत, आणि तीही मुलींच्या साह्याने. अमेरिकेच्या ओहायो प्रांतात ॲक्रन म्हणून गाव आहे. तिथे १९१७ पासून मरिन आणि किम्बॉल या दोघा डॉक्टरांनी शाळकरी मुलींना वर्षातून दोनदा, थोडे थोडे दिवस आयोडिनाचा क्षार दिला. घेणे न घेणे पालकांच्या इच्छेवर होते. ज्यांनी घेतला अशा २१९० मुलींपैकी फक्त ५ जणींची ग्रंथी वाढली. ज्यांनी घेतला नाही अशा २३०५ मुलींपैकी ४९५ जणींची वाढली. शिक्षक बंधूंनो, हे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून पाहावेत. वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

पण शाळेत न येणाऱ्यांचे काय? सर्वांच्या पोटात रोज, आपोआप, अगदी थोडे आयोडिन जाईल अशी युक्ती हवी होती. ती युक्ती म्हणजे मीठ. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात आणि १९२४ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन प्रांतात आयोडिनयुक्त मीठ विक्रीस आले, आणि गलगंड मागे हटू लागला.

मीठच का? याचे उत्तर द्यायला परदेशी जायला नको. आपल्या देशाइतके ते कोणाला चांगले ठाऊक असणार? साखर श्रीमंत जास्त खातो, तूप श्रीमंत जास्त खातो. मीठ मात्र राजाला आणि रंकाला सारखेच लागते. कांदा-भाकर खाणाऱ्यालाही चिमूटभर मीठ हवेच. इंग्रज सरकारने मिठावर कर बसवला तो हेच ओळखून; त्या करातून कोणी सुटू शकत नव्हते. आणि गांधीजींनी १९३० साली सत्याग्रहासाठी मीठ निवडले तेही हेच ओळखून. दांडीच्या पाठोपाठ आपल्याकडे शिरोड्याला, वडाळ्याला लोक मीठ उचलायला धावले. त्या कायदेभंगाच्या चळवळीत धरलेले कितीतरी कार्यकर्ते आपल्या नाशिकच्या मध्यवर्ती तुरुंगात होते. १९३२-३३ च्या सुमारास जयप्रकाश नारायण आणि अच्युतराव पटवर्धन इथेच कैदेत होते. १९४७ साली मिठावरचा कर गेला. आणि ज्या गुणामुळे मिठाचा कर गरिबाला चुकवता येत नव्हता, त्याच गुणामुळे मिठातून दिलेले आयोडिन गरिबाच्या घरी न चुकता पोहोचू शकते, हे स्वतंत्र भारतातल्या डॉक्टरांनी हेरले.

नाशिककरांना मिठाची वाट जुनीच ओळखीची आहे. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. मीठ येई ते कोकणातल्या आगरांतून, लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून, घाट चढून. १८६५ साली थळ घाटातून आगगाडी वर आली तेव्हा बैलांचे काम गाडीने घेतले. आता कोणी म्हणेल, मीठ समुद्राचे, आयोडिनही समुद्राचे, मग कोकणच्या मिठात आयोडिन असणारच! अगदी स्वाभाविक शंका आहे, पण समजूत चुकीची आहे. आगरात पाणी आटवून जे मीठ बनते त्यात आयोडिन नावालाच राहते. सैंधवाचेही तेच. म्हणून आयोडिन मिठात वेगळे मिसळावे लागते.

आणि जमिनीतले आयोडिन? ते पावसाबरोबर वाहून जाते. डोंगरउतारावर, जिथे धो धो पाऊस पडतो, तिथली माती वर्षानुवर्षे धुतली जाते. पूर येणाऱ्या नद्यांच्या काठीही तेच घडते. जमिनीत नाही म्हणून धान्यात नाही, चाऱ्यात नाही म्हणून दुधात नाही. आपल्या जिल्ह्यात येवला-नांदगावकडे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस होतो, तर इगतपुरीकडे तीन हजारांच्या आसपास. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात नागली-वरई पिकवून तीच खाणाऱ्या घरांनी हा निसर्गाचा हिशेब ध्यानात ठेवायला हवा. मात्र कोरड्या भागातल्यांनीही निर्धास्त राहू नये. ते का, हे पुढे येईल.

हिंदुस्थानात या रोगाचा पाठलाग सुरू झाला तो हिमालयाच्या बाजूला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट मॅकॅरिसन हा लष्करी डॉक्टर गिलगिटमध्ये होता. एकाच ओढ्याकाठी खाली खाली वसलेल्या गावांत, जसजसे खाली जावे तसतसा गलगंड वाढतो, असे त्याला दिसले. म्हणून घाण पाण्यातून हा रोग होतो असे त्याने मानले, आणि तो गाळ स्वतः पिऊनही पाहिला. दूषित पाण्याचा वाटा असू शकतो, पण मूळ वाण आयोडिनाची, हे पुढे स्पष्ट झाले.

ते आपल्या देशात निर्विवाद सिद्ध झाले कांगडा खोऱ्यात. आज ते हिमाचल प्रदेशात आहे, त्या वेळी पंजाबात होते. डॉक्टर रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे लाखभर वस्तीच्या प्रदेशाचे तीन विभाग पाडले. शंभरातल्या सुमारे ३८ जणांना गलगंड, अशी तिथली अवस्था होती. १९५६ पासून दोन विभागांना आयोडिन मिसळलेले मीठ आणि मधल्या विभागाला साधे मीठ देण्यात आले. १९६२ मध्ये पुन्हा तपासणी झाली. आयोडिनाचे मीठ खाणाऱ्या दोन्ही विभागांत रोग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आला होता; साधे मीठ खाणाऱ्या विभागात जसाच्या तसा होता. मग त्या विभागालाही तेच मीठ सुरू केले. १९६८ मध्ये पहिल्या दोन विभागांतले प्रमाण शंभरात दहाच्याही खाली उतरले. या कामाचा जो अहवाल १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापला गेला, त्याच्या लेखकांत डॉक्टर म. ग. देव आणि डॉक्टर म. ग. करमरकर ही दोन मराठी नावे आहेत, हे आपल्या शाळांतून मुलांना अवश्य सांगावे.

कांगड्याने व्यवहाराची आणखी एक गोष्ट शिकवली. आयोडिनाचा एक क्षार, आयोडाइड, दमट हवेत मिठातून उडून जातो. दुसरा, आयोडेट, टिकून राहतो. आपल्या देशातल्या पावसाळ्याचा विचार करून आयोडेट वापरायचे ठरले, आणि आजही आपल्या मिठात तेच असते.

१९६२ साली सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. पण त्यात एक गफलत राहून गेली. हा रोग हिमालयाच्या पायथ्याचा, असे धरून मीठ तिकडेच पाठवले गेले. पुढे पाहण्या होऊ लागल्या तेव्हा गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, केरळ अशा राज्यांतही गलगंडाचे टापू निघाले. डोंगर नसलेल्या भागात निघाले, किनाऱ्याजवळ निघाले. कोरड्या भागानेही निर्धास्त राहू नये, असे मघाशी म्हटले ते याच कारणाने.

याहूनही मोठी चूक होती ती नावातच. गलगंड म्हणजे काय, तर गळ्याला आलेली कुरूपता. दुखत नाही, खुपत नाही, मग घाई कसली? असे पुष्कळांना वाटे. ती समजूत मोडली ती नवजात बालकांनी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टर कोचुपिल्लई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या गोंडा, देवरिया या भागांत जन्मलेल्या मुलांच्या नाळेतले रक्त तपासले. कितीतरी बाळांच्या रक्तात अवटूचा रस जन्मतःच अपुरा होता. याचा अर्थ काय, ते नीट समजून घेऊ.

आईच्या पोटात मूल वाढू लागते तेव्हा पहिले तीन-चार महिने त्याची स्वतःची ग्रंथी पुरेसे काम करत नाही. तेवढ्या काळात त्याच्या मेंदूची जडणघडण होते ती आईच्या रसावर. म्हणून दिवस गेलेल्या बाईच्या ग्रंथीला नेहमीच्या सुमारे दीडपट काम पडते. साध्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडिन लागते, गरोदर बाईला २५० च्या आसपास. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! साऱ्या आयुष्याचे आयोडिन एकत्र केले तरी ते चहाच्या एका चमच्यात मावेल. पण तो चमचा एकदम देऊन चालत नाही, तो रोज थेंबाथेंबाने मिळावा लागतो. तो मिळाला नाही तर गर्भ गळू शकतो, मूल मृत जन्मू शकते, जन्मले तर बहिरे-मुके किंवा मतिमंद होऊ शकते. आणि यापेक्षा सौम्य, डोळ्यांना न दिसणारी हानी म्हणजे मूल दिसायला धडधाकट, पण शिकायला मागे. शिक्षक ज्याला ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवतात, त्याच्या ढपणाचे मूळ कधी कधी आईच्या गरोदरपणातल्या जेवणात असू शकते. अशा मुलाला छडीने शहाणे करता येत नाही. आणि अशा मुलाबद्दल त्याच्या आईला बोल लावणे हा तर दुहेरी अन्याय.

हे लक्षात आल्यावर १९८४ साली ठरले की देशातले सारे खाण्याचे मीठ आयोडिनयुक्त करायचे, आणि १९८६ पासून ते टप्प्याटप्प्याने सुरू झाले. १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नावही बदलले. गलगंड हा शब्द जाऊन ‘आयोडिनच्या कमतरतेमुळे होणारे विकार’ असे त्यात आले. साध्या मिठाच्या विक्रीवर केंद्राने घातलेली बंदी २००० साली उठवण्यात आली. लहान मीठवाल्यांचा धंदा बुडेल, मीठ महाग होईल, कोणी काय खावे हे सरकारने का ठरवावे, असे आक्षेप होते, आणि ज्या देशाने मिठासाठी तुरुंगवास भोगला तिथे ते उठणे साहजिकही होते. पण डॉक्टरांनी आग्रह सोडला नाही. मे २००६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या जेमतेम निम्म्या, १०० पैकी ५१ घरांत पुरेसे आयोडिन असलेले मीठ सापडले होते. २०१८-१९ च्या पाहणीत हा आकडा ७६ वर पोहोचला. फार मोठी मजल आहे. पण उरलेली २४ घरे कोणती असतील? बहुधा तीच, ज्यांचा आवाज सर्वांत उशिरा ऐकू येतो.

आता व्यवहाराचे चार शब्द.

मीठ घेताना पुडीवर हसऱ्या सूर्याचे चित्र आहे का ते पाहावे. ती आयोडिनयुक्त मिठाची खूण. घरी आणल्यावर झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावे, चुलीच्या आचेपासून आणि उन्हापासून दूर. ओला हात बरणीत घालू नये. भाजी-आमटीत मीठ शक्यतो शिजत आल्यावर घालावे. सुटे खडे मीठ धुऊन वापरायची चाल काही घरांत आहे. धुण्याबरोबर आयोडिनही निघून जाते. अलीकडे शहरांतून खेड्यांत सैंधवाची आवड पसरते आहे. उपासाला चिमूटभर खाल्ले तर बिघडत नाही, पण रोजच्या स्वयंपाकातले आयोडिनाचे मीठ काढून त्याजागी सैंधव आणणे, विशेषतः घरात गरोदर बाई असताना, शहाणपणाचे नाही. आठवडे बाजारातले सुके बोंबील-सुकट ज्यांना चालते त्यांनी अधूनमधून खावे. समुद्राच्या मासळीत आयोडिन असते. गावातल्या आशाताईंकडे मिठाची परीक्षा करायची छोटी पेटी मिळते. मिठावर थेंब टाकला की ते जांभळे-निळे होते. न झाले तर त्यात आयोडिन नाही असे समजावे. हा प्रयोग शाळेतही करता येईल. मुलांनी घरून कागदाच्या पुडीत चिमूटभर मीठ आणावे, आणि आपल्या घरचे मीठ आपल्या डोळ्यांनी तपासावे.

मात्र आयोडिन मिळावे म्हणून मीठ जास्त खाऊ नये. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो. मीठ बेताचे, पण आयोडिनाचे, हे सूत्र.

आणखी एक गोष्ट. आज आयोडिनाचे मीठ खाणाऱ्या बायकांनाही अवटूचा विकार होताना दिसतो. त्याचे एक मोठे कारण निराळे आहे. शरीराचे संरक्षण करणारी शक्तीच कधी कधी वाट चुकून स्वतःच्या ग्रंथीवर हल्ला करते. अशा विकाराला मीठ किंवा काढा पुरत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणी करून डॉक्टर देतील ती गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची असते. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. दिवस राहिले म्हणून तर मुळीच बंद करू नये. उलट लगेच डॉक्टरांना सांगावे, कारण तेव्हा मात्रा वाढवावी लागते. गरोदर बाईला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, त्या आणि ही गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवावे. आणि प्रत्येक थकवा अवटूचाच असतो असेही नाही. रक्त कमी असले तरी बाई थकते. म्हणून अंदाज बांधत बसू नये, तपासून घ्यावे. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ही तपासणी करता येते. आपल्या देशात साधारण हजारात एका बाळाला हा दोष जन्मतः असतो, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते मूल चारचौघांसारखे वाढते. महिने गेले तर गेलेले पुन्हा मिळत नाही.

श्रोतेहो, जांभळ्या वाफा पाहणारा कारखानदार, गाळ पिणारा लष्करी डॉक्टर, मेंढीचा अर्क टोचणारा तरुण वैद्य, ॲक्रनच्या शाळकरी मुली आणि कांगड्याचे डोंगरी लोक, या सर्वांनी मिळून जे शोधले ते शेवटी आपल्या मिठाच्या बरणीत येऊन पडले आहे. ते सांभाळणे आपल्या हाती आहे. पण इतिहासातला दुसरा धडा बरणीत मावत नाही. घरातली चालती-बोलती बाई मंदावली, सतत थकली, अबोल झाली, तर तिला नाव ठेवण्याआधी सासूबाईंनी तिचा हात धरून तिला आरोग्य केंद्रात न्यावे. नवऱ्याने तिच्याबरोबर जावे. गुरुजींनी आणि बाईंनी वर्गातल्या मागे पडणाऱ्या मुलाला शिक्षा करण्याआधी त्याच्या पालकांना त्याची तपासणी करायला सांगावे. खाल्ल्या मिठाला जागावे असे आपण म्हणतो. जिच्या हातचे मीठ आपण जन्मभर खातो, तिला जागण्याची ही फार साधी रीत आहे.